मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे, मग रक्तप्रवाहाचा स्कॅन कशासाठी? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात मी सीटी आणि एमआरआयचे रिपोर्ट वाचते. जत, आटपाडी, तासगाव, विटा, इकडे कराड, फलटण, दहिवडी अशा गावांहून रुग्ण येतात आणि घरी पोचल्यावर त्यांची मुलं, सुना, जावई रिपोर्टचा फोटो पाठवून तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तरात दुसरं येतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

त्याआधी एक. आत्ता घरात कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, हात-पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल तर हे पान वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि चोवीस तास सीटी चालू असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. ‘वारं गेलंय, मालिश केली की उतरेल’ म्हणत घालवलेला वेळ परत मिळत नाही. त्याबद्दल अधिक प्रश्न १२ मध्ये आहे.

१. रिपोर्टमध्ये ‘७० टक्के स्टेनोसिस’ (अरुंदपणा) लिहिलंय. म्हणजे मेंदूला ३० टक्केच रक्त पोचतंय का?

नाही. या एका गैरसमजापायी घरंच्या घरं रात्रभर जागी असतात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. ७० टक्के हा आकडा नळीच्या रुंदीचा आहे, रक्ताचा नाही. सगळ्यात चिंचोळ्या जागेची रुंदी मोजायची आणि त्याच वाहिनीच्या निरोगी भागाशी तिची तुलना करायची, एवढाच त्याचा अर्थ.

ताकारी-म्हैसाळच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे चटकन कळतं. कालव्यात एका जागी गाळ साचला म्हणून टेलच्या शेतकऱ्याचं रान वाळलंच असं नसतं. पुढच्या चाऱ्या मोकळ्या असतील, दुसऱ्या बाजूनं पाणी वळवता येत असेल, तर रान हिरवं राहतं. मेंदूला चार मोठ्या वाहिन्या रक्त पुरवतात, मानेत पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड आणि मागे दोन व्हर्टेब्रल. कवटीच्या तळाशी त्या एका कड्यात एकमेकींना मिळतात. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. एक वाट अडली की या वर्तुळातून दुसरीकडचं रक्त येतं. शिवाय अडचणीच्या पुढच्या बारीक वाहिन्या स्वतःहून रुंदावतात आणि कमी दाबातही रक्त ओढून घेतात.

पण हे वर्तुळ सगळ्यांचं पूर्ण नसतं. पुष्कळ जणांत त्याचा एखादा दुवा जन्मापासून बारीक असतो किंवा नसतोच. म्हणून ७० टक्के अरुंदपणा असलेल्या दोघांपैकी एकाच्या मेंदूत रक्त अगदी व्यवस्थित असतं आणि दुसऱ्याचा मेंदू काठावर उभा असतो. हा फरक त्या आकड्यात दिसत नाही. तो प्रवाहाच्या स्कॅनमध्ये दिसतो.

२. एमआर अँजिओग्राफी झाली आहे. आता परफ्युजन करा म्हणतात. तीच तपासणी दोनदा कशाला?

अँजिओग्राफी कालवा दाखवते, परफ्युजन रान दाखवतं. पहिल्यात वाहिनीचा आकार कळतो आणि दुसऱ्यात मेंदूच्या प्रत्यक्ष भागात किती रक्त, किती वेळात पोचतंय ते. दोन्ही वेगळ्या आहेत.

मात्र डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘या रिपोर्टवरून उपचारात काय बदलेल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती तपासणी आज केली नाही तरी चालते. मी स्वतः याच व्यवसायात आहे, तरी हेच सांगते.

३. यात प्रकार तरी किती? आमच्या वडिलांना कोणता लागेल?

सीटी परफ्युजन सगळ्यात जलद. हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (फोटोत रक्त उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध) देऊन साधारण मिनिटभर डोक्याचे पुन्हा पुन्हा स्कॅन घेतात. तातडीच्या वेळी हाच कामाला येतो.

एमआर परफ्युजनमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. एमआरआयचाच एक प्रकार, एएसएल, यात इंजेक्शनही लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तालाच चुंबकानं खूण करतात आणि ते खूण केलेलं रक्त मेंदूत कुठे पोचलं ते टिपतात. किडनी कमजोर असलेल्यांना आणि लहान मुलांना हा फार सोयीचा. त्यातली एक फसवी गोष्ट प्रश्न १९ मध्ये सांगितली आहे.

स्पेक्ट म्हणजे अणुवैद्यक विभागातली तपासणी. टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य एका औषधाला जोडून शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर मेंदूत जाऊन तिथेच अडकून राहतं, आणि जिथे रक्त कमी तिथे ते कमी दिसतं. मेंदूची राखीव क्षमता तपासायला (प्रश्न ६) स्पेक्ट वर्षानुवर्षं वापरतात, जपानमध्ये तर खूपच.

पीईटीला या विषयातलं प्रमाण माप मानतात, कारण मेंदूचा भाग रक्तातून किती प्राणवायू ओरबाडून घेतोय हेही त्यात कळतं. पण त्यासाठी लागणाऱ्या किरणोत्सारी ऑक्सिजनचं आयुष्य दोन मिनिटांत अर्धं होतं. तो बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र शेजारच्याच खोलीत हवं. कॅन्सरसाठी जागोजागी होतं ते पीईटी सीटी वेगळं. ‘आमच्याकडे पीईटी आहे’ असं कुणी म्हणालं म्हणून ही तपासणी तिथे होईल असं समजू नका.

शेवटची ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. कानाच्या वर, कानशिलावर प्रोब ठेवून सोनोग्राफीनं रक्ताचा वेग मोजतात. मूळचे नॉर्वेचे आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्नला काम करणाऱ्या रूने ऑस्लिड यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. इंजेक्शन नाही, किरण नाहीत, पलंगापाशी होते. काही जणांची, विशेषतः वयस्कर बायकांची, कानशिलाची हाडं जाड असतात आणि आवाजाच्या लहरी आत जातच नाहीत. मग ती सोडून द्यावी लागते.

कोणता लागेल ते तीन गोष्टींवर ठरतं: घाई किती आहे, किडनी कशी आहे आणि उत्तर नेमकं कशाचं हवंय.

४. सीटी परफ्युजन दुखतं का? किती वेळ लागतो?

हाताला जरा जाड सुई लावतात, तेवढंच दुखतं. औषध वेगानं आत जाताना अंग गरम झाल्यासारखं वाटतं, तोंडाला धातूची चव येते, काहींना लघवी झाल्याचा भास होतो. हे सगळं मिनिटाभरात जातं. डोकं मात्र हलवायचं नाही, कारण हललं की सगळे आकडे चुकतात. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं धरा.

५. रंगीत फोटोत अर्धा मेंदू लाल आणि अर्धा निळा आहे. लाल म्हणजे धोका ना?

रंगांवरून काहीही ठरवू नका. सॉफ्टवेअर बदललं की रंगाचा अर्थ बदलतो. एका नकाशात लाल म्हणजे भरपूर रक्त, शेजारच्याच नकाशात लाल म्हणजे रक्त यायला उशीर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत बाजूची पट्टी कापलेली असते, मग तर काहीच कळत नाही.

नकाशे साधारण चार असतात. सीबीएफ म्हणजे दर मिनिटाला किती रक्त येतं. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर. ते २० च्या आसपास आलं की तिथल्या पेशी जिवंत राहतात पण काम थांबवतात आणि १० च्या खाली गेलं की थोड्या वेळात मरतात. सीबीव्ही म्हणजे त्या भागात एका वेळी साठलेलं रक्त. एमटीटी म्हणजे रक्ताला त्या भागातून पार व्हायला लागणारा वेळ आणि टीमॅक्स म्हणजे रक्त पोचायला झालेला उशीर.

वाचणारा या चारही नकाशांची सांगड घालतो. उशीर वाढलाय, पण साठलेलं रक्त नेहमीइतकं किंवा जास्त आहे, याचा अर्थ पुढच्या वाहिन्या रुंदावून मेंदू स्वतःला सांभाळतोय. उशीरही वाढलाय आणि साठाही घटलाय, याचा अर्थ सांभाळण्याची ताकद संपत आली.

६. ‘डायमॉक्स देऊन स्कॅन’ किंवा ‘रिझर्व्ह बघू’ असं डॉक्टर म्हणाले. हे काय?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो.

बसल्या जागी मोजलेला प्रवाह चांगला दिसू शकतो, कारण बारीक वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावून बसल्या आहेत. पण उद्या बीपी खाली गेलं, जुलाब झाले, ताप आला, तर आणखी रुंदावायला जागाच नाही. ती जागा किती शिल्लक आहे त्याला राखीव क्षमता म्हणतात.

ती तपासायला ॲसिटाझोलामाइड हे औषध शिरेतून देतात, मोठ्या माणसाला सहसा १ ग्रॅम. डायमॉक्स हे त्याचंच बाजारातलं नाव. काचबिंदूच्या रुग्णांना ते माहीत असतं. त्यानं मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात. औषधाआधी एक स्कॅन आणि औषधानंतर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा. निरोगी भागात प्रवाह ठळक वाढतो. जिथे राखीव क्षमता संपली आहे तिथे तो वाढतच नाही.

कधी कधी तो उलट कमी होतो. पाट एकच आणि वरच्या सगळ्यांनी एकाच वेळी दारं मोडली की टेलच्या वाफ्यात होतं ते थेंबभर पाणीही सरतं, तसंच. निरोगी भाग रुंदावून रक्त ओढून घेतो आणि आधीच ताणलेल्या भागाचं रक्त घटतं. याला चोरीचा परिणाम म्हणतात आणि तो दिसला की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करते.

औषधानं हाता-पायाला मुंग्या, तोंडाभोवती बधिरपणा, वारंवार लघवी हे काही तास होतं. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा किडनी-यकृताचा मोठा आजार असेल तर आधीच सांगा. डॉप्लरमध्ये याच कामासाठी श्वास रोखून धरायला लावतात. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यानंही वाहिन्या रुंदावतात.

७. तपासणीआधी चहा प्यावा का? बीपीची गोळी घ्यावी का?

राखीव क्षमतेची तपासणी असेल तर त्या दिवशी चहा-कॉफी नको, आदल्या रात्रीपासून बंद केली तर उत्तम. कॅफीननं मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि आकडे बदलतात. सकाळी सहाला घरून निघालेल्या माणसाला वाटेत ‘अर्धा कप घ्या, काय होतंय’ असा आग्रह होतोच. त्या दिवशी मन घट्ट करा. तंबाखू, मिश्री, बिडीही नको.

बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. कोणती कधी घ्यायची ते लिहून घ्या. मेटफॉर्मिनसाठी पुढचा प्रश्न पाहा.

८. आईला मधुमेह आहे, क्रिएटिनिन वाढलेलं असतं. कॉन्ट्रास्ट चालेल का?

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन या. त्यावरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी गाळण्याचं काम किती करते त्याचा अंदाज. तो ३० च्या खाली असेल तर आयोडीनचा कॉन्ट्रास्ट विचार करूनच देतात, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर ते ४८ तास थांबवून किडनी पुन्हा तपासतात. गॅडोलिनियमच्या जुन्या प्रकारांनी अशा रुग्णांत त्वचा आणि अवयव घट्ट होत जाण्याचा गंभीर आजार झालेला आहे, म्हणून तिथेही प्रकार निवडून द्यावा लागतो. अशा आईसाठी एएसएल (प्रश्न ३) होत असेल तर मी आधी तोच सुचवते.

लकव्याच्या तातडीत मात्र क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. तिथे मेंदू आधी.

९. रेडिएशनची भीती वाटते.

डोक्याच्या साध्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणं लागतात. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. परफ्युजनमध्ये एकाच जागी पुन्हा पुन्हा स्कॅन होतो, त्यामुळे साध्या सीटीपेक्षा जास्त लागतात. २००९ मध्ये अमेरिकेत यंत्राची मांडणी चुकल्यानं २०० हून जास्त रुग्णांना परफ्युजनमध्ये ठरल्यापेक्षा कितीतरी पट किरणं मिळाली आणि काहींचे केस पट्ट्यापट्ट्यांनी गळाले. त्यानंतर सगळीकडे डोसचे नियम कडक झाले. गरजेच्या एका स्कॅनला घाबरू नका. ‘बघू या’ म्हणून दर सहा महिन्यांनी करणं मात्र टाळा.

१०. हृदयात स्टेंट आहे, एमआरआय चालेल का?

हृदयातले स्टेंट सहसा चालतात. पेसमेकर, जुनी मेंदूतली क्लिप, कानातलं बसवलेलं यंत्र, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण हे आधी सांगायलाच हवं. वेल्डिंग, ग्राइंडिंगची कामं केलेल्यांनी तर नक्की. ऑपरेशनचं कार्ड सोबत आणा.

११. हे सांगली-साताऱ्यात होतं का, की पुण्याला जावं?

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून दूरदूरचे लोक उपचाराला इकडे येतात. कराड, कोल्हापूरही हाकेच्या अंतरावर. प्रत्येक तपासणीसाठी खंबाटकी ओलांडावी लागत नाही. जायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: परफ्युजनचं सॉफ्टवेअर आहे का (चांगलं सीटी मशीन असूनही ते नसू शकतं), तो स्कॅन तिथे नेहमी होतो का, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला मेंदूच्या परफ्युजनचा सराव आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. स्पेक्ट किंवा मुलांमधला मोयामोया (प्रश्न १७) असेल तर मोठ्या केंद्राला जाणं योग्य.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. म्हणून बाहेरून पैसे भरून स्कॅन करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. आणि परत येताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. फिल्मवर मोजमाप करता येत नाही.

१२. लकवा मारून आठ तास झाले. आता काही उपयोग नाही ना?

असं म्हणून घरी बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुतेकांना पहिल्या साडेचार तासांतच देतात, हे खरं. पण मोठी वाहिनी बंद असेल तर तारेनं गुठळी ओढून काढता येते, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या दोन अभ्यासांनी दाखवलं की निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत उपयोगी ठरतं. ती निवड स्कॅनवरून होते. किती भाग मेलाय आणि किती नुसता उपाशी, पण जिवंत आहे, हे त्यात कळतं. उपाशी भाग मोठा असेल तर वाचवण्यासारखं पुष्कळ असतं.

रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी लुळा उठला, अशांनाही हे लागू आहे. फोनवर एवढंच नेमकं सांगा: शेवटचा बरा कधी पाहिला होता.

१३. प्रवाह कमी निघाला. आता स्टेंट टाकायचा की बायपास?

हृदयाच्या सवयीनं सगळे हाच प्रश्न विचारतात. मेंदूचं गणित वेगळं आहे आणि ते मोठ्या अभ्यासांतून कष्टानं कळलं आहे.

डोक्याच्या आतली वाहिनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या, नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर सॅम्प्रिस हा अभ्यास झाला. २०११ मध्ये त्याचा निकाल आला. महिनाभरात लकवा किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या कडक औषधोपचाराच्या गटात ५.८ टक्के. मेंदूच्या वाहिन्या नाजूक, त्यांच्यातून बारीक फांद्या फुटतात आणि स्टेंट बसवताना त्याच बंद होतात.

बायपासचंही तसंच. कॅरोटिड पूर्ण बंद झालेल्या आणि पीईटीवर मेंदू प्राणवायूसाठी ओढाताण करताना दिसलेल्या रुग्णांवर कॉस हा अभ्यास झाला, निकाल २०११ चाच. ऑपरेशननं प्रवाह सुधारला. तरी दोन वर्षांत लकव्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत २१ टक्के आणि औषधवाल्यांत २२.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच, कारण ऑपरेशनच्या महिन्यातच बरेच झटके आले. २०२३ मध्ये चीनमधल्या सीमॉस अभ्यासात सीटी परफ्युजनवरून रुग्ण निवडले होते. तिथेही ठळक फायदा दिसला नाही.

मग स्कॅन कशाला केला? धोका कुणाला जास्त हे त्यातून कळतं. मेंदूच्या मागच्या वाहिन्यांवरच्या व्हेरिटास अभ्यासात एमआरआयनं प्रवाह मोजला होता. प्रवाह चांगला असलेले ९६ टक्के लोक वर्षभर लकव्याशिवाय राहिले, प्रवाह कमी असलेले ७८ टक्के. या दुसऱ्या गटातल्या माणसाचं बीपी कसं हाताळायचं, प्रवासाला सोडायचं का, औषधं चालू असतानाही झटके येत राहिले तर पुढे काय, हे सगळं त्या स्कॅननं बदलतं. औषधं पुरी पडली नाहीत की फुगा किंवा स्टेंटचा विचार अजूनही होतो. तो पहिला उपाय नाही एवढंच.

१४. काकांच्या मानेतल्या कॅरोटिडचं ऑपरेशन लगेच केलं. त्यांना परफ्युजन का नाही केलं?

कारण तिथे त्याची वाट पाहायची गरज नसते. मानेतली कॅरोटिड ७० ते ९९ टक्के अरुंद असून त्याच बाजूचा झटका येऊन गेला असेल तर ऑपरेशनचा फायदा १९९१ मध्येच सिद्ध झाला. दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा औषधांवर २६ टक्क्यांना, ऑपरेशननंतर ९ टक्क्यांना. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केलं तर फायदा जास्त. म्हणजे प्रश्न १ मध्ये ज्या टक्केवारीला मी अपुरी म्हटलं, तीच इथे निर्णायक आहे.

ऑपरेशननंतर काकांचं एका बाजूचं डोकं जोरात दुखायला लागलं, बीपी चढलं, फिट आली तर तडक रुग्णालयात न्या. वर्षानुवर्षं कमी रक्तावर जगलेल्या भागात अचानक पूर आल्यासारखं होतं. राखीव क्षमता आधीच संपलेल्यांना याचा धोका जास्त.

१५. बीपी जितकं कमी तितकं चांगलं ना?

लांबच्या पल्ल्यात हो. वाहिनी अरुंद असलेल्यांतही बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर लकवे जास्त येतात. सॅम्प्रिसमध्ये वरचं बीपी १४० च्या आत आणि मधुमेह असेल तर १३० च्या आत ठेवलं होतं. पण खाली आणायचं ते पायरी पायरीनं.

हे मी घरात पाहिलं आहे. माझ्या वडिलांची तासगावकडे द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत बीपी १८० निघालं आणि एका दवाखान्यात गोळीचा डोस एकदम दुप्पट झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे फवारणीला जायला उठले आणि उजवा हात दहा मिनिटं उचलेचना. डाव्या मेंदूची मुख्य वाहिनी अरुंद होती आणि हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या नकाशावरचा तो उशिराचा पट्टा अजून डोळ्यांपुढे आहे. गोळ्या हळूहळू बसवल्या, आता ते ठीक आहेत.

म्हणून राखीव क्षमता कमी असलेल्यांसाठी: जुलाब-उलट्या झाल्या की लगेच डॉक्टरांना विचारा, माण-खटावच्या उन्हात पाण्याशिवाय राहू नका, निर्जळी उपास नको, पहाटे उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसा.

१६. प्रवाह नॉर्मल आला. गोळ्या बंद करू?

नको. लकवा दोन वाटांनी येतो. एक रक्त कमी पडल्यानं, दुसरी वाहिनीच्या भिंतीवरच्या चरबीच्या थरावर गुठळी बनून ती पुढे सटकल्यानं. परफ्युजन पहिल्याबद्दलच सांगतं. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी दुसरीही वाट रोखतात. सांगलीची हळद जेवणात जरूर खा, पण तिच्यावर विसंबून गोळी सोडू नका, आणि हळदीच्या कॅप्सूल घेत असाल तर सांगा.

१७. सात वर्षांच्या नातीचा हात गरम भातावर फुंकर मारताना लुळा पडतो. नाटक करते का?

नाटक समजू नका, या आठवड्यातच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. जोरजोरात फुंकलं, हुंदके देऊन रडलं, बासरी वाजवली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या वाहिन्या आकसतात. राखीव क्षमता संपलेल्या मुलाचा हात तेवढ्यानं पडतो आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होतो. शाळेतून तक्रार येते, आई रागावते, मूल आणखी रडतं.

मोयामोया या आजारात कवटीच्या आत कॅरोटिडचं टोक दोन्हीकडे हळूहळू बंद होत जातं आणि भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं. सुझुकी आणि ताकाकु यांनी १९६९ मध्ये हे नाव दिलं, जपानी भाषेत त्याचा अर्थ तोच. एमआर अँजिओग्राफीत निदान होतं आणि एएसएल किंवा स्पेक्टमध्ये कोणती बाजू किती उपाशी आहे ते कळतं. प्रश्न १३ मध्ये बायपासबद्दल जे लिहिलं ते इथे लावू नका. मोयामोयात, मुलांमध्ये तर विशेषच, बायपास खरोखर उपयोगी पडतो.

निदान होईपर्यंत मुलीला रडू देऊ नका, पाणी भरपूर पाजा, भात निववून द्या. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढताना जोरात श्वास घ्यायला लावतात. तो भाग टाळायला आधीच सांगा.

१८. सीटी परफ्युजनमध्ये ‘मोठा भाग धोक्यात’ असं आलं, पण एमआरआय स्वच्छ आणि बाबा चालतायत. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. मानेतली वाहिनी खूप अरुंद असेल तर रक्त वळसा घालून उशिरा पोचतं. सॉफ्टवेअर उशीर सहा सेकंदांहून जास्त दिसला की तो भाग धोक्यात धरतं. पण उशिरा आलेलं रक्तही पुरेसं असू शकतं. रानाला पाणी द्यायची पाळी रात्री दोनला आली तरी पाणी मिळालं ना, तसं. हृदय कमजोर असेल किंवा ठोके अनियमित असतील तर दोन्ही बाजू उशिराच्या दिसतात. म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला मानेच्या अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद द्या.

१९. एका स्कॅनमध्ये वाहिनी ‘बंद’, दुसऱ्यात ‘अरुंद’. आणि एएसएलमध्ये पांढऱ्या रेघा आहेत म्हणे.

कॉन्ट्रास्टशिवायच्या एमआर अँजिओग्राफीत रक्त मंद किंवा भोवऱ्यासारखं वाहत असेल तर वाहिनी तुटल्यासारखी दिसते आणि अरुंदपणा आहे त्याहून जास्त वाटतो. सीटी अँजिओग्राफीत भिंतीवरचा चुना चमकतो आणि पोकळी झाकतो. निर्णय त्यावरच अडला असेल तर जांघेतून किंवा मनगटातून तार घालून केलेली अँजिओग्राफी खरं सांगते. तिच्यात थोडा धोका असतो, म्हणून ती सरसकट करत नाहीत.

एएसएलमधल्या रेघा म्हणजे खूण केलेलं रक्त फोटो काढायच्या क्षणी अजून वाटेतल्या वाहिन्यांतच होतं. पलीकडचा मेंदू काळा दिसतो, पण तिथे रक्त नाहीच असं नव्हे, ते उशिरा येतंय. थांबण्याचा वेळ वाढवून स्कॅन पुन्हा घेता येतो.

२०. अरुंदपणा उजव्या मेंदूत, पण स्पेक्टमध्ये डाव्या लहान मेंदूतही रक्त कमी. तिथेही ब्लॉक आहे का?

सहसा नाही. मोठ्या मेंदूची एक बाजू लहान मेंदूच्या विरुद्ध बाजूला जोडलेली असते. इकडचं काम मंदावलं की तिकडचा जोडीदारही मंदावतो आणि काम कमी म्हणून रक्त कमी. फिट येऊन गेल्यावर किंवा अर्धशिशीच्या झटक्यातही नकाशे असेच बदलतात, त्यामुळे अलीकडे फिट आली असेल तर तारखेसह सांगा.

२१. सासूबाईंना ज्ञानोबांची पालखी लोणंद ते फलटण तरी चालायचीच आहे. सोडू का?

गेल्या तीन महिन्यांत झटका आला असेल किंवा स्कॅनमध्ये राखीव क्षमता संपलेली असेल तर मी नाही म्हणेन. फलटणला गाडीनं नेऊन दर्शन घडवा. तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर सकाळच्या टप्प्यात, पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन, सोबत माणूस देऊन चालू द्या. वारीत गोळ्या चुकतात, हीच खरी काळजी.

२२. उभं राहिलं की मिस्टरांचा एक हात थडथड उडतो. ईईजी नॉर्मल. फिटच्या गोळ्या सहा महिने चालू आहेत, फरक नाही.

झोपलेले असताना कधीच होत नाही, उठल्यावर किंवा मान वर करून काम करतानाच होतं, चेहरा उडत नाही, शुद्ध जात नाही, बसलं की थांबतं, असं असेल तर मानेच्या वाहिन्या तपासायला सांगा. विरुद्ध बाजूची कॅरोटिड जवळजवळ बंद असताना मेंदूला उभ्यानं रक्त पुरत नाही आणि हात असा उडतो. हा एक प्रकारचा मिनी अटॅकच आहे. फिटच्या गोळीनं तो थांबत नाही, आणि जोडीला बीपीची गोळी वाढवली असेल तर तो वाढतो. पुढच्या वेळी हात उडेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्या वेळचं बीपी लिहून ठेवा आणि दोन्ही घेऊन जा. मानेची डॉप्लर सोनोग्राफी तालुक्याच्या गावीही होते. तिच्यात काही निघालं तर मग राखीव क्षमतेचा स्कॅन, प्रश्न ६ प्रमाणे.